छतातली भोके कोण मोजणार?



दिल्लीत नोकरीला असलेले आपले काही मराठी रेल्वे व टपाल कामगार संक्रांतीला पानिपतजवळच्या काला अंबला जातात. १४ जानेवारी १७६१ चे ते रण. हरियाणातले रोड समाजाचे लोक स्वतःला मराठ्यांचे वंशज मानतात, तेही तिथे मोठ्या संख्येने येतात. स्तंभाला फुले वाहिली जातात, भाषणे होतात. यंदा आम्हीही गेलो होतो. भाषणांचा वृत्तांत इतरत्र आला आहेच. भाषणे संपल्यावर उन्हाला बसून डबे उघडले, तेव्हा एका साथीने जो प्रश्न विचारला त्यासाठी आजचा हा अग्रलेख आहे.

हा साथी मूळचा सातारा जिल्ह्यातला, दिल्लीकडे वायरमन म्हणून नोकरीला. त्याच्या कचेरीचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण अशा कचेऱ्या एक नव्हे, अनेक आहेत. तिथल्या रेकॉर्ड रूमवर आणि शेजारच्या बोळात नवे छत झाले. जिप्सम बोर्डाचे, ‘दोन तास अग्निरोधक’ असे कागदावर लिहिलेले. छत झाल्यावर वरून हुकूम आला की दिवे वाढवा. तो म्हणाला, “सेक्रेटरीसाहेब, नुसत्या रेकॉर्ड रूमच्या छताला चाळीस भोके मी स्वतःच्या हाताने पाडली. सहा-सहा इंचांची. छत दोन तासांचे होते म्हणतात. आता ते किती तासांचे राहिले?”

आम्ही परत आल्यावर कागद मागवले, या विषयातल्या दोन-तीन जाणत्या अभियंत्यांना विचारले. जे समजले ते सर्व साथींपुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम ‘दोन तास’ म्हणजे काय ते पाहू. छताचा नमुना भट्टीवर ठेवतात आणि ठरलेल्या वेगाने आच वाढवतात. आपल्या भारतीय मानकातही, म्हणजे आयएस ३८०९ मध्ये, हीच पद्धत आहे. अर्ध्या तासात भट्टी सुमारे ८४० अंशांवर जाते, एका तासात ९४५ वर, दोन तासांत १,०५० च्या आसपास. एवढे होऊनही नमुना कोसळला नाही, त्यातून ज्वाळा वर आल्या नाहीत आणि त्याच्या वरच्या अंगाचे तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा जास्त वाढले नाही, तरच त्याला दोन तासांचा दाखला मिळतो. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके पाणी बांधलेले असते. आच लागली की ते वाफ होऊन निघते, आणि ते संपेपर्यंत बोर्डाची मागची बाजू फारशी तापत नाही. छत दम धरते ते या पाण्याच्या जोरावर.

पण दाखला मिळतो तो अमुक जाडीचे बोर्ड, अमुक अंतरावरच्या पट्ट्या, अमुक स्क्रू, बुजवलेले सांधे आणि त्यात जेवढी भोके धरली असतील तेवढीच भोके, अशा संपूर्ण जुळणीला. एकट्या बोर्डाला तो नसतो. ठेकेदार बोर्डाच्या कंपनीचे रंगीत पत्रक दाखवतो आणि साहेब सही करतात. पत्रकातले छत भट्टीत गेले होते. आपल्या डोक्यावर चाळीस भोकांचे जे छत आहे ते कधीच कुठल्या भट्टीत गेलेले नाही.

मग भोक पाडायचेच नाही का? तसे नाही. दिवा हवा, पंखा हवा, धूर ओळखणारे यंत्र हवे, त्यांची वायर कुठून तरी येणारच. म्हणून याचे हिशेब बसवलेले आहेत. सर्वांत स्पष्ट हिशेब अमेरिकेच्या इमारत संहितेत आहे आणि तो कुठल्याही वायरमनला पाठ करता येईल इतका सोपा आहे. पेटी लोखंडी असावी. एका पेटीचे तोंड १६ चौरस इंचांपेक्षा मोठे नसावे, म्हणजे चार इंच बाय चार इंच. छताच्या कोणत्याही १०० चौरस फुटांत सगळ्या पेट्यांची मिळून बेरीज १०० चौरस इंचांच्या वर जाऊ नये. दहा बाय दहाच्या खोलीत चार इंची पेट्या सहा बसतात, सातवी बसत नाही. आणि पेटीची कड व बोर्डाची कड यांच्यातली फट इंचाच्या आठव्या भागापेक्षा जास्त नको. इंचाचा आठवा भाग म्हणजे आपल्या मिस्त्री लोकांच्या भाषेत एक सूत. याहून मोठे किंवा जास्त काही करायचे असेल तर त्यासाठी वेगळी चाचणी झालेले सामान वापरावे लागते. प्लास्टिकची पेटीही अशी चाचणी झालेली असेल तरच चालते, आणि दोन पेट्यांत किती अंतर ठेवायचे ते त्या चाचणीच्या कागदावरून ठरते.

भिंतीचा नियमही जाता जाता सांगतो, कारण आपल्याकडे तो रोज मोडला जातो. बोर्डाच्या अग्निरोधक भिंतीच्या दोन्ही अंगांना पेट्या असतील तर त्या पाठीला पाठ लावून बसवायच्या नाहीत. त्यांच्यात आडवे निदान दोन फूट अंतर हवे, नाही तर मध्ये चाचणी झालेली अग्निरोधक लांबी किंवा तसाच भराव हवा. आपल्याकडे एका खोलीचा स्विचबोर्ड दुसऱ्या खोलीच्या स्विचबोर्डाच्या नेमका मागे असतो, कारण वायर वाचते.

आता आमच्या साथीच्या रेकॉर्ड रूमचा हिशेब करू. खोली वीस बाय पंधरा, म्हणजे ३०० चौरस फूट. या मापाने सगळी मिळून ३०० चौरस इंच भोके चालतील, चार इंची पेट्या अठरा. सहा इंची गोल भोकाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच भरते, म्हणजे त्यातले एकही भोक या नियमात बसत नाही. चाळीस भोकांचे होतात ११०० चौरस इंचांच्या वर. मर्यादेच्या पावणेचार पट. शिवाय त्यात लोखंडी पेटी नाहीच. दिव्याचा पातळ पत्रा दोन स्प्रिंगांवर अडकवलेला आहे आणि वर सगळे मोकळे. कचेऱ्यांत हल्ली दोन बाय दोन फुटांचे चौकोनी दिवे बसवतात, त्यातला एकच दिवा ५७६ चौरस इंचांचा. असे दिवे अग्निरोधक छतात बसवता येतात, पण प्रत्येकाच्या वर चाचणी झालेले संरक्षक झाकण लागते. आम्ही पाहिलेल्या निविदांत हे झाकण आम्हाला एकदाही आढळले नाही.

पानिपतच्या लढाईबद्दल एक गोष्ट मराठी माणसाला लहानपणापासून ऐकून ठाऊक असते. गारद्यांच्या तोफांच्या आधाराने फौजेने ‘गोल’ बांधून, बाजारबुणगे आणि बायकापोरे मध्ये घेऊन पुढे सरकायचे ठरले होते. कोणी आपली जागा सोडायची नाही. काही सरदार उतावळेपणाने घोडी घालून पुढे गेले आणि गोलाला खिंड पडली, असे सांगतात. आम्ही इतिहासकार नाही, पराभवाची कारणे आणखी पुष्कळ होती हेही आम्ही जाणतो. पण त्या जागी बसून छताचा प्रश्न ऐकताना गोल आठवल्याशिवाय राहिला नाही. अग्निरोधक छत हेही असेच आखलेले काम आहे. छोट्या भोकामागे वरच्या पोकळीत थोडीच आच जाते, आजूबाजूचे बोर्ड ती सोसतात. भोके जवळजवळ आली की सोसायला मध्ये बोर्डच उरत नाही. लोखंडी पट्टी दोन्हीकडून तापते, वाकते, स्क्रू सुटतात आणि अख्खा तक्ता खाली येतो. म्हणून नियमात एकेका भोकाचे माप आहे आणि १०० चौरस फुटांतली बेरीजही आहे. दोन्ही पाळावे लागतात.

कोणी म्हणेल, ही अमेरिकेची कौतुके आपल्याला कशाला? तिकडेही हे शहाणपण फुकट आलेले नाही. २२ मार्च १९७५ रोजी अलाबामा राज्यातल्या ब्राऊन्स फेरी अणुवीज केंद्रात जे घडले ते प्रत्येक वायरमनने ऐकावे असे आहे. केबली एका खोलीतून भिंतीपलीकडे जात होत्या, त्या भोकांतून हवा गळते का हे कामगार तपासत होते. तपासायची रीत काय, तर पेटती मेणबत्ती भोकापाशी धरायची. ज्योत हलली की समजायचे फट आहे. भोक बुजवायला वापरला होता पॉलियुरेथेनचा फोम. ज्योत भोकात ओढली गेली, फोमने पेट घेतला, आग केबलींवरून भिंतीपलीकडे गेली. सुमारे सात तास ती चालू राहिली आणि सोळाशेहून जास्त केबली जळाल्या. सुदैवाने माणसे वाचली. गावच्या अग्निशमन दलाच्या प्रमुखाने लवकरच सांगितले होते की पाणी मारा. विजेच्या भीतीने वरिष्ठांनी ते लांबवले, शेवटी पाणी मारल्यावर आग थोड्याच वेळात विझली. अनुभवी माणसाचे उशिरा ऐकण्याची रीत तिथेही आहे म्हणायची. या आगीनंतर त्यांनी अणुकेंद्रांच्या केबलींच्या भोकांचे नियम कडक केले.

ही हकीकत सविस्तर देण्याचे कारण म्हणजे तो फोम. आज आपल्या दुकानांतून त्याच जातीचा फोम डब्यांतून मिळतो आणि ठेकेदाराची माणसे केबलीचे भोक बुजवायला तोच फवारतात. फुगून घट्ट बसतो, सुरीने कापला की साफ दिसतो. साहेब पाहतात, भोक बुजलेले असते. काही ठिकाणी फोमही नसतो, जुन्या वर्तमानपत्राचा बोळा आणि वरून पांढरी लांबी असते. अग्निरोधक सीलंट, खनिज लोकर, आच लागली की फुगून भोक बंद करणारी पट्टी, हे सामान बाजारात मिळते. भोकाच्या बंदोबस्ताची चाचणी कशी करायची याचे भारतीय मानक १९८८ पासून आहे, आयएस १२४५८. तेव्हा ‘आपल्याकडे सोय नाही’ हे उत्तर आम्ही मान्य करीत नाही.

आग लागली की माणूस भाजून मरतो असा समज आहे. बहुतेक वेळा त्याला धूर आधी गाठतो. दिल्लीत १३ जून १९९७ रोजी उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली. आग तळमजल्यावर, विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून लागली. माणसे बाल्कनीत होती. धूर जिन्यातून आणि वातानुकूलनाच्या नळांतून वर चढला आणि बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या होत्या. अमेरिकेत लास व्हेगास येथे २१ नोव्हेंबर १९८० रोजी एमजीएम ग्रँड हॉटेलमध्ये ८५ माणसे गेली, तिथेही विजेच्या दोषातून आग खाली लागली आणि बहुतेक माणसे वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरली. मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर २१ जून २०१२ ला लागलेली आग वरच्या मजल्यांवर पोहोचली, पाच जीव गेले. आणि आपल्या स्वतःच्या घरातले उदाहरण हवे असेल तर कोलकात्याची न्यू कोयलाघाट इमारत आहे. रेल्वेच्याच या इमारतीत ८ मार्च २०२१ रोजी तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊ जण गेले. त्यांत अग्निशमन दलाचे जवान होते, पोलीस होता आणि रेल्वेची माणसेही होती. त्यांतले बरेच जण लिफ्टने वर गेले होते. या सगळ्या आगी छताच्या पेट्यांमुळे लागल्या असे आम्ही म्हणत नाही. आग लागल्यावर धुराला आणि ज्वाळेला वाट कुठून मिळते, एवढाच आमचा मुद्दा आहे.

उपहार प्रकरणातली एक बाब मात्र कामगार म्हणून आपण विसरता कामा नये. २००७ साली दिल्लीच्या न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत चित्रपटगृहाच्या मालकांबरोबर वीज मंडळाचे इन्स्पेक्टर होते आणि एक फिटरही होता. त्या फिटरचा निर्णय बरोबर की चूक, यात आम्ही शिरत नाही, तो न्यायालयाचा प्रश्न. आमचे म्हणणे एवढेच की चौकशीचा कागद खाली खाली येत अखेर ज्याच्या हातात पक्कड होती त्याच्यापाशी थांबू शकतो. आमच्या साथीने चाळीस भोके पाडली ती हुकुमावरून. तो हुकूम तोंडी होता. छत अग्निरोधक आहे हे त्याला भोके पाडून झाल्यावर, बोर्डाच्या उरलेल्या तुकड्यावरचा शिक्का वाचून कळले. उद्या तिथे काही झाले तर हुकूम देणारे बदलून दुसरीकडे गेलेले असतील आणि हजेरीपटावर त्या दिवशीचे नाव याचे निघेल.

कायद्याची बाजू अशी आहे. राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० साली निघाली, तिची सध्याची मोठी आवृत्ती २०१६ ची. तिच्यात तत्त्व स्पष्ट आहे. अग्निरोधक भिंतीतून वा तळातून केबल किंवा नळ नेला तर ते भोक तितक्याच दर्जाच्या अग्निरोधक सामानाने बंद करा. विजेच्या केबलींचा उभा डक्ट प्रत्येक मजल्यावर बंद करा. पण ही संहिता शिफारशीच्या स्वरूपाची आहे, राज्याने किंवा पालिकेने आपल्या नियमांत घेतली तरच ती बंधनकारक ठरते. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. रेल्वेची गोष्ट निराळी. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम ११ बांधकामाच्या कामात रेल्वे प्रशासनाला इतर कायद्यांच्या वरचे अधिकार देते. म्हणून पालिकेचा अग्निशमन अधिकारी कधी तरी येईल, शिडी लावून आपले छत उघडून बघेल, या आशेवर रेल्वे कामगाराने राहू नये. आपल्या कामाच्या जागेवर आपणच बघायला हवे.

आणि बघण्याची हीच वेळ आहे. अमृत भारत योजनेखाली देशातली तेराशेहून अधिक स्टेशने निवडली गेली आहेत, ठिकठिकाणी प्रतीक्षागृहे आणि कचेऱ्या नव्याने सजत आहेत. सजावट म्हटली की छत आलेच. टपाल खात्याच्या जुन्या इमारतींतही तेच चालले आहे. दगडी भिंती, वर जुने लाकूड, आणि खाली चकचकीत फॉल्स सीलिंग. मधल्या पोकळीत जुन्या वायरी, नव्या वायरी, संगणकाच्या केबली, कबुतरांची घरटी, काय वाटेल ते असते. पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर आत धूर ओळखणारे यंत्र हवे, हाही नियम आहे. आरएमएसच्या साथींनी एकदा तक्ता उचलून आपल्या डोक्यावर काय आहे ते पाहावे. पाहताना टॉर्च न्यावा, मेणबत्ती नको.

एक दक्षताही सांगितली पाहिजे. साधे शोभेचे छत आणि अग्निरोधक छत यांत गल्लत करू नये. प्रत्येक छताला हे नियम लागू नाहीत. जे छत आगीला अडवण्यासाठी म्हणून बांधले आहे, म्हणजे रेकॉर्ड रूमवर, रिले रूमवर, जिन्याच्या वाटेवर किंवा दोन मजल्यांच्या मध्ये, त्यालाच ते लागू आहेत. कुठले छत कुठल्या जातीचे, हे नकाशावर लिहिलेले असायला हवे आणि तो नकाशा वायरमनला दाखवायला हवा. आज तो कंत्राटाच्या फायलीत असतो.

यात ठेकेदाराकडच्या रोजंदारी कामगाराचा प्रश्नही येतो. बहुतेक भोके आता तोच पाडतो. तो आपला सभासद नाही म्हणून त्याला दोष देऊन मोकळे होण्याची वृत्ती आपल्यातही काही जणांत आहे, ती आम्हाला पटत नाही. त्याला दर नगावर पैसे मिळतात, घाई त्याच्या मानगुटीवर आहे. निविदेत ‘दिव्याचे पॉइंट’ म्हणून दर असतो, पण ‘भोक अग्निरोधक सामानाने बंद करणे’ या कामाचा दर वेगळा लिहिलेला नसतो. ज्या कामाला दर नाही ते काम होत नाही, हे रेल्वेत वीस वर्षे काढलेल्या कोणालाही सांगायला नको.

म्हणून पुढच्या पीएनएम बैठकीत आपण हा विषय घेत आहोत, आणि टपालच्या साथींनी जेसीएममध्ये तो घ्यावा असे त्यांच्या पदाधिकाऱ्यांना कळवले आहे. मागण्या साध्या आहेत. अग्निरोधक छताला किंवा भिंतीला भोक पाडण्याचा हुकूम लेखी असावा आणि त्यावर छताचा दर्जा, पेटीचे माप व संख्या लिहिलेली असावी. भोक बुजवण्याचे काम निविदेत स्वतंत्र बाब म्हणून यावे. तक्ता बंद करण्यापूर्वी फोटो काढून नोंदवहीत लावावा आणि प्रत्येक भोकाशेजारी तारीख व सामानाचे नाव असलेली चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे मागाहून टेलिकॉमचा माणूस केबल ओढायला आला तर त्याला कळेल की इथले सीलंट त्याने परत भरायचे आहे. वायरमन, फिटर आणि खलाशी यांना या विषयाचे एक दिवसाचे शिक्षण ट्रेनिंग सेंटरमध्ये मिळावे, आणि ठेकेदाराच्या माणसांना त्यातून वगळू नये. प्रशासन खर्चाचे कारण पुढे करील. केली जात असलेली सजावट पाहता ते कारण ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत आम्ही नाही.

ज्या साथीने प्रश्न विचारला त्याला आम्ही उत्तर कळवले आहे. ते असे की, दोन तासांचा दाखला आता त्या छताला लागू नाही. मोठी भोके त्याच जाडीच्या बोर्डाने बुजवून सांधे भरावेत, उरलेल्या दिव्यांवर चाचणी झालेली झाकणे बसवावीत, आणि तोपर्यंत त्या खोलीतल्या जुन्या फायली दुसरीकडे हलवाव्यात, असे पत्र त्याच्या शाखेमार्फत त्या कचेरीला गेले आहे. पत्रात त्याचे नाव नाही.

शाखा सचिवांना विनंती की आपापल्या हद्दीतील रेकॉर्ड रूम, रिले रूम, रनिंग रूम आणि सॉर्टिंग ऑफिस यांची छते या महिनाअखेर पाहून घ्यावीत. खोलीची लांबी-रुंदी, भोकांची संख्या व माप, पेटी लोखंडी की प्लास्टिकची, आणि भोक कशाने बुजवले आहे, एवढ्या चार गोष्टी साध्या कागदावर लिहून पाठवाव्यात. शिडीवर चढण्यापूर्वी मेन स्विच बंद करून घ्यावा. ज्या शाखांचे कागद येतील त्यांची ठिकाणे आम्ही पीएनएमच्या विषयपत्रिकेला जोडणार आहोत.